घंटीवाल्याच्या वाटेवरची तार

आजही मागून सायकलची घंटी वाजली की मला ते प्रकरण आठवतं आणि तोंड कडू होतं. निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोकांना पराक्रमाच्या गोष्टी हव्या असतात. ही तसली गोष्ट नाही. या गुन्ह्याचा छडा लागला, आरोपीही बरोबर सापडला, आणि एवढं होऊनही कुणाचं भलं झालं नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. गावाचं तर नाहीच, कारण त्या गावाला स्वतःच्या नावाची आधीच फार काळजी आहे.

गाव नगर जिल्ह्यातलं, नदीच्या खोऱ्यात वसलेलं. एके काळी तिथले दोन्ही उतार उघडे बोडके होते. गावाने चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, झाडं लावली. हिवरे बाजारसारखं आपलंही नाव व्हावं ही ईर्षा होती आणि ती काही वाईट नव्हती. झाडी दाट झाली तसे शहरातून सायकलवाले यायला लागले. जाड टायरच्या, पुढे स्प्रिंग असलेल्या महागड्या सायकली मोटारींवर बांधून आणायच्या आणि डोंगरावरून उड्या मारत खाली यायचं. गावाला कौतुक वाटलं. कमान उभी राहिली, फोटो छापून आले. पण वाटा जुन्याच होत्या. त्याच वाटांनी बाया दुधाच्या किटल्या घेऊन वस्तीवर जायच्या, म्हातारी माणसं फिरायला निघायची आणि दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं जायची. मेंढरांना चरायला बंदी होती, फक्त जायला मुभा होती.

एका रविवारी सकाळी ठाणे अंमलदाराचा फोन आला. एक सायकलस्वार जखमी झाला होता. आधी वाटलं, पडला असेल. सिव्हिलला पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साहेब, हे पडणं नाही. गळ्यात तार गेली आहे." वळणावरच्या दोन झाडांना गळ्याच्या उंचीवर बारीक तार ताणून बांधली होती. माणूस वाचला, पण त्याचा आवाज गेला. तो भिंगारचा होता, सुप्याच्या कारखान्यात सुपरवायझर, घरी बायको आणि लहान मुलगी. त्याच्या सायकलला साधी पितळी घंटी होती. सोबतचे त्याला त्यावरून चिडवायचे, 'घंटीवाला' म्हणायचे. समोर माणूस किंवा जनावर दिसलं की हा एकटाच उतरून बाजूला उभा राहायचा. म्हाताऱ्यांना त्रास नको म्हणून ती फिरायला निघायच्या आत, इतरांच्या आधी, एकटाच डोंगर उतरायचा. म्हणूनच तार त्याला लागली.

त्याने जबाब पाटीवर लिहून दिला. त्यातलं एक वाक्य मी विसरलो नाही. "वळणावर मी घंटी वाजवली होती."

दुपारी सरपंच स्वतः ठाण्यात आले. पांढरेशुभ्र कपडे, सोबत चार माणसं. "साहेब, शोधायला लांब जायला नको. वरच्या पठारावर धनगर उतरलाय. त्यानंच केलंय."

आधार अगदीच नव्हता असं नाही. आठवड्यापूर्वी एका सायकलवाल्याने त्या धनगराचं कोकरू चिरडलं होतं आणि तो सगळ्यांसमोर ओरडला होता, "येक दिवस मान मोडंल तुमची!" खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल होता आणि वरून फोन सुरू झाले होते. मी त्याला ताब्यात घेतलं. कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

गावातले साक्षीदार आले. पहिला म्हणाला, "लई तापट मानूस हाय, साहेब, कुनाचं ऐकत न्हाई." दुसरा म्हणाला, "लई तापट मानूस हाय, कुनाचं ऐकत न्हाई." तिसऱ्याने तोंड उघडलं तेव्हा मी हवालदाराकडे पाहिलं आणि तो हसू दाबत खाली बघायला लागला. खरं पाहिलेली माणसं कधी एकसारखं बोलत नाहीत. एकाला शर्ट निळा दिसतो, दुसऱ्याला हिरवा. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आलं की समजायचं, कुणीतरी बैठक घेतली आहे.

धनगराला मी समोर बसवलं. तो घाबरला नव्हता, वैतागला होता.

"तार कुठून आणलीस?"

"तारंचं मी काय करू, साहेब? आमचं सगळं दोरीवर हाय. बोललो, व्हय, बोललो मी. कोकरू मेल्यावर काय ववाळू व्हय त्याला? माझी मालकीन येकली हाय मेंढरांपाशी. गाव तिला उठ म्हनतंय. कळप रस्त्यावर आला तर कोन सांभाळंल?"

तो खोटं बोलत नव्हता. पण माझ्या वाटण्याला कोर्टात काय किंमत!

मी पुन्हा घटनास्थळी गेलो, या वेळी गावाकडून चालत. वळणाच्या थोडं खाली बाभळीच्या काटेरी फांदीत माझी पँट अडकली आणि मी मनसोक्त शिवी हासडली. मग थांबलो. फांदी वाऱ्याने पडलेली नव्हती. बुंधा दगडाखाली दाबून ती वाटेवर आडवी लावली होती. आता कडेला सरकली होती, एवढंच. आपल्याकडे खेड्यात वाटेवर काट्या लावल्या की न वाचता येणाऱ्यालाही कळतं, पुढे जाऊ नका.

वळणाच्या वर जाऊन पाहिलं, तिथे काट्या नव्हत्या. म्हणजे खालून येणाऱ्या गावकऱ्याने मागे फिरावं आणि वरून येणाऱ्याने तारेत जावं, असा हा बेत होता. धनगराचा तळ वर होता. त्याची बायको रोज वरूनच पाण्याला उतरायची. त्याने काट्या लावल्याच असत्या तर वरच्या अंगाला लावल्या असत्या. ज्याने तार बांधली त्याचं माणूस खालून येणार होतं.

मी तिथेच दगडावर बसून राहिलो. थोड्या वेळाने डोक्यावर किटली घेऊन एक बाई वर आली. मी सहज विचारलं, "बाई, सकाळी या वाटेनं सगळ्यात आधी कोण जातं?"

"मीच की. वस्तीवर दूध घालते."

"मग रविवारी तुम्हालाच सापडला असेल तो?"

"न्हाई वो. त्या दिवशी मामा म्हनले, तू ऱ्हाऊ दे, आज दूध मी घालतो..."

आणि तिने पदर तोंडावर धरला. आपण काय बोलून गेलो हे तिला तेव्हाच कळलं. मामा म्हणजे तिचे सासरे.

त्या म्हाताऱ्याला गाव तात्या म्हणायचं. त्या उतारावरची कितीतरी झाडं त्याने आणि त्याच्या बायकोने डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली. त्याच झाडांमधून पावसाळ्यानंतर एक सायकलवाला भरधाव आला, म्हातारीला उडवलं आणि पळून गेला. खुबा मोडला, म्हातारी खाटेवर पडली ती पडलीच. तात्याला तक्रार द्यायची होती. गावाने बैठक बसवून त्याला गप्प केलं. सायकलस्पर्धा व्हायची होती, मंत्री यायचे होते, गावाचं नाव खराब झालं असतं.

मी तात्याच्या घरी गेलो. म्हातारी ओसरीवर खाटेवर होती. तात्या माझ्यासमोर ताठ बसला.

"तात्या, रविवारी दूध कोणी घातलं?"

"सुनंनं."

"सून म्हणते तुम्ही."

"तिला काय कळतंय!"

तेवढ्यात म्हातारीने विचारलं, "काय झालंय, साहेब? मला कुनी काय सांगत न्हाई. कोन पडलं?"

तात्या घाईने म्हणाला, "काय न्हाई, तू पड."

मी म्हणालो, "आजी, सायकलवाला. घंटी वाजवायचा तो. तारेत गळा सापडला. आता त्याला बोलता येणार नाही."

ती कोपरावर उठायला लागली. "घंटीवाला? अवो, मला त्यानंच उचललं हुतं! त्याच्याच गाडीत दवाखान्यात नेलं मला! आय म्हनाला वो मला!" मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तात्याने मान खाली घातली आणि ती पाहतच राहिली. मी कितीतरी कबुलीजबाब ऐकले, पण तसा एकही नाही.

"त्यो येईल आसं वाटलं न्हवतं," तात्या पुटपुटला. "माजलेली पोरं पयल्यांदा येत्यात आसं वाटलं."

तिथल्या तिथे त्याला अटक केली. धनगराला सोडायला दोन दिवस लागले, कागदपत्रं असतात. तोवर व्हायचं ते झालं. गावाने त्याच्या बायकोला पठारावरून उठवलं, ती कळप घेऊन पुणे रस्त्याला लागली आणि एका ट्रकने मेंढरं चिरडली. सुटल्यावर हवालदार त्याला म्हणाला, "साहेबांच्या पाया पड, सुटलास." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कशापायी? काय केल्तं मी?" त्याचं बरोबर होतं. मी मान खाली घालून सही केली.

खटला उभा राहिला आणि एकेक साक्षीदार फितूर झाला. सून म्हणाली, दूध मीच घातलं. पंच म्हणाले, काट्या आम्ही पाहिल्याच नाहीत. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात अर्थ नसतो. ज्या गावाने तात्याला न्याय मिळू दिला नाही, त्याच गावाने त्याला वाचवलं, आणि दोन्ही वेळी कारण एकच, गावाचं नाव. घंटीवाला कोर्टात बायकोच्या हाताला धरून बसला होता. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला तेव्हा सरपंचाने आवारातच पेढे वाटले. एक माझ्यापुढेही धरला. मी तो घेतला नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

नोकरीत मी शिकलो होतो की गुन्हा माणूस करतो. या प्रकरणाने शिकवलं की तो पचवायला गाव लागतं. एकटा माणूस निदान घाबरतो तरी, चार जण जमले की त्यांना लाजसुद्धा वाटत नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो, पाय आपोआप तात्याच्या घराकडे वळले. तो खाटेशी बसून म्हातारीला भाकरी कुस्करून भरवत होता. तिने मला ओळखलं.

"साहेब, घंटीवाला बोलतो का वो आता?"

"नाही, आजी."

तिने मान वळवली. सून चहा घेऊन आली आणि दाराशी हळूच म्हणाली, "आत्याबाई त्या दिसापून मामांशी बोलल्या न्हाईत. त्यांच्या हातानं खात्यात, पर येक सबूद न्हाई."

तात्या मला सोडायला फाटकापर्यंत आला. माणूस अर्धा झाला होता. वर झाडीत सायकली उतरत होत्या, पोरं आरडाओरडा करत होती. त्याने एकदा तिकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी पुरावा जरा नीट आनायचा हुता."