भावाला घरी आणताना

मागच्या आठवड्यात तुम्ही व्हिडिओ कॉल केलात, तेव्हा मी विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते आणि माझ्या शेजारी एक बाई होती. धाकटीने तिला दोन-तीनदा हात हलवून "हाय" केलं. तिने उत्तर दिलं नाही. ती मान खाली घालून स्वतःशीच काहीतरी बोलत राहिली. फोन ठेवताना थोरली म्हणाली, "आजी, इज शी मॅड ॲट अस?"

नाही, बाळांनो. ती रागावली नव्हती. तिला त्या वेळी एकाच माणसाशी बोलायची परवानगी होती. कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. तिकडे बॉथेलच्या घरी आई तुम्हाला वाचून दाखवेल.

ती माझी शेजारीण. ॲन आर्बरमध्ये आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच आहे. ती दक्षिण आफ्रिकेची. इथे आयुष्यभर नर्स होती, आता निवृत्त आहे. मी फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख चिकटवते म्हणून ती मला हेडमास्तरीण म्हणते. आम्ही इंग्रजीत बोलतो. इथे मी ते आपल्या भाषेत लिहिते.

ती मुलगी होती तेव्हा तिच्या देशात गोऱ्यांचं सरकार होतं. काळ्या लोकांनी कुठे राहायचं, कुठल्या बाकावर बसायचं आणि त्यांच्या मुलांनी शाळेत कोणत्या भाषेत शिकायचं, हे सगळं ते सरकार ठरवत असे. एक दिवस शाळेतली मुलं गणवेशातच रस्त्यावर आली. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचे फलक होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिचा धाकटा भाऊ पळत होता, त्याला पाठीत लागली. हे तिने मला माझ्या ओट्यापाशी भेंडी चिरताना सांगितलं. सुरी थांबली नाही, आवाजही बदलला नाही. मी गॅस बारीक केला, एवढंच आठवतं.

त्यांच्यात एक रीत आहे. माणूस घरापासून दूर मेला की घरातल्या कुणीतरी त्या जागी जायचं, एका विशिष्ट झाडाची फांदी जमिनीला लावायची आणि त्याला हाक मारून सांगायचं, चल, घरी चल. मग ती फांदी हातात धरून घरापर्यंत यायचं. वाटेत त्याच्याशीच बोलायचं, दुसऱ्या कुणाशी नाही. आता पूल आला, आता वळण आलं, असं सांगत राहायचं, नाहीतर तो मागे राहतो. त्या वेळी पोलिसांनी घरच्यांना तिथे फिरकू दिलं नाही. अंत्ययात्रेला किती माणसं चालतील हेसुद्धा त्यांनीच ठरवलं. पुढे आईवडील गेले, घरात दुसरी माणसं राहायला आली, ती इथे आली. भाऊ तिथेच राहिला, त्या रस्त्यावर. तिच्या लेखी ही साधी गोष्ट होती. बसस्टॉपवर कुणी उभं असावं आणि आपण न्यायला जाऊ नये, तशी.

या वर्षी तिने जायचं ठरवलं. डॉक्टरांनी तिला पुढच्या वर्षाची खात्री दिली नव्हती.

तिने फोनवर फांदीचा फोटो दाखवला. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, बघताक्षणी ओळखलं. आपल्या बोरीचंच भावंड. तसेच जोडीने काटे, एक सरळ आणि एक मागे वळलेला.

"अमेरिकेत झाडाची ओली फांदी आणता येत नाही," मी म्हणाले. "मी नियम वाचलेत. विमानतळावर काढून घेतात."

"तू वाचले असशीलच. घेतील तर घेतील."

"मग आधी अधिकाऱ्याला नीट सांग आणि मग परत भावाशी बोल. दोन मिनिटांचं काम."

"इतकी वर्षं तो उभा आहे. आता त्याला म्हणू, जरा थांब, मी पोलिसाशी बोलून घेते?"

तिने येतानाची दोन तिकिटं काढली, शेजारशेजारची. तिची भाची तिकडच्या विमानतळापर्यंत सोबत होती आणि सगळ्यांशी बोलण्याचं काम करत होती. पुढे तिला एकटीलाच यायचं होतं.

मी आगमनाच्या दाराशी उभी होते. त्या विमानातली माणसं आली, मिठ्या मारून गेली. नंतर दुसऱ्या विमानातली आली. ती आली तेव्हा तिच्या हातात फांदी नव्हती. मात्र एक हात शरीरापासून थोडा लांब धरलेला होता, लहान मुलाला रस्ता ओलांडून देताना धरतो तसा. ओठ हलत होते. मी हाक मारली नाही. गाडीपाशी आल्यावर तिने आधी मागचं दार उघडलं, थोडी थांबली, लावलं आणि मग पुढे बसली. तेवढ्यात तुमचा फोन आला.

आत काय झालं ते तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता. त्याने विचारलं, "मॅडम, हे काय आहे?" तिने फांदी समोर ठेवली आणि आपल्या भाषेत भावाला सांगितलं, "हा पोलीस आहे. घाबरू नकोस. पळू नकोस." त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. तिला इंग्रजी येत नाही असं वाटून त्याने फोनवर दुभाषी लावला. दुभाषी बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, त्या तुमच्याशी बोलत नाहीयेत. भावाशी बोलताहेत."

"भाऊ कुठे आहे?" अधिकाऱ्याने इकडेतिकडे बघत विचारलं.

दुभाष्याने त्याला रीत समजावून सांगितली. अधिकारी म्हणाला, "आय ॲम सॉरी, मॅडम," आणि फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेला. ती भावाला म्हणाली, "फांदी गेली. आता माझी बाही धर."

हेही तिने भेंडी चिरतानाच्या त्याच आवाजात सांगितलं. मी विचारलं, "मग आला का तो?"

"फांदीशिवाय कुणी आणल्याचं आमच्यात मी ऐकलेलं नाही," ती म्हणाली. "मी बोलत राहिले. पुढचं मला माहीत नाही."

त्यानंतर तीन-चार दिवस ती बाहेर पडली नाही. काल मी वरण-भात घेऊन गेले. दार उघडताच गरम हवा तोंडावर आली. बिल वाढतं म्हणून कडाक्याच्या थंडीतही ही बाई हीटर कमी ठेवून दोन स्वेटर घालून बसते. काल भिंतीवरचा आकडा कधी नव्हता इतका वर होता आणि तिच्या कपाळावर घाम होता.

"बिघडलाय का?" मी विचारलं. "माणूस बोलवू?"

"नको, हेडमास्तरीण. मीच वाढवलाय." तिने माझ्या हातातून डबा घेतला. "त्याच्या अंगावर नुसता शाळेचा शर्ट आहे."

मी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तिने ताटं घेतली आणि आम्ही जेवायला बसलो.