हवेचा काटा आणि कसारा घाट

"मिस्त्री, काटा परत खाली येतोय."

फोनवर ड्रायव्हर पुंजाभाऊ होते. दीड तासापूर्वीच त्यांचा ट्रेलर मी माझ्या वर्कशॉपमधून ओके करून सोडला होता.

"कुठे आहात?"

"घोटीचा टोल सोडला. म्यानेजर साहेबांना फोन केला, तर ते म्हणतात हळूहळू..."

फोन तुटला. परत लावला. नॉट रिचेबल.

मी आडगावच्या बाजूला ट्रकच्या एअर ब्रेकची कामं करतो. सत्तावीस वर्षं झाली. अवजड गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, ड्रायव्हरने पेडल दाबलं की ती हवा चाकांजवळच्या डब्यांत जाते आणि ब्रेक लागतो. या डब्याला आम्ही चेंबर म्हणतो. मागच्या चेंबरमध्ये आणखी एक कप्पा असतो. त्यात दणकट स्प्रिंग असते. गाडी चालू असताना हवाच तिला दाबून धरते. हँडब्रेक ओढला की ती हवा सुटते आणि स्प्रिंग चाकं आवळते.

म्हणजे हवा गळत राहिली तर दोन गोष्टी होतात. पेडलचा जोर कमी होतो आणि शेवटी स्प्रिंग आपोआप चाकं जाम करते. सपाट रस्त्यावर गाडी नुसती उभी राहते. घाटात, वळणावर, मागे भरलेला कंटेनर असताना काय होतं ते मी पाहिलं आहे. लिहिणार नाही.

पुंजाभाऊंची गाडी जुनी होती. निफाडहून द्राक्षांचा रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेला कंटेनर घेऊन बंदरावर चालली होती. सकाळी गाडी आत आली तेव्हा मागच्या ॲक्सलजवळच्या रिले व्हॉल्वमधून फुसफुस आवाज येत होता. हा व्हॉल्व चेंबरला हवा वाटतो. मी तो बदलला, हवा आठ बारपर्यंत भरली, इंजिन बंद केलं. दहा मिनिटं हवेच्या दाबाचा काटा हलला नाही. ट्रान्सपोर्टचे मॅनेजर देसले साहेब यांचे तेवढ्यात चार फोन येऊन गेले होते. मी गाडी सोडली.

आता मी व्हॅनमध्ये बसलो, हँडब्रेक खाली केला आणि हात तिथेच राहिला.

सकाळी काटा बघताना ट्रेलरचा हँडब्रेक ओढलेला होता. म्हणजे स्प्रिंगच्या कप्प्यात हवाच नव्हती. गळती त्या कप्प्यात असेल तर ती दिसणार कशी? आतलं सील गेलं असेल तर तिथली हवा पेडलच्या कप्प्यात शिरते, पाइपातून उलटी फिरते आणि रिले व्हॉल्वमधून बाहेर पडते. व्हॉल्व बिचारा चांगलाच होता.

खाली उतरलो, रॅकवरून नवा चेंबर उचलला आणि निघालो.

विल्होळीपर्यंत सहा वेळा फोन लावला. लागला नाही. वाडीवऱ्हेला देसले साहेबांचा फोन आला.

"मिस्त्री, तुम्ही ड्रायव्हरला घाबरवताय का? हळू गेला तर घाट उतरेल ना? बंदराचं गेट बंद व्हायच्या आत कंटेनर पोचला पाहिजे."

"साहेब, तो उतरायला लागलाय का?"

"मी सांगितलंय, हळू चल म्हणून."

"साहेब, चूक माझी आहे. मी अर्धवट तपासून गाडी दिली. त्याला थांबवा."

"त्याचा फोन लागत नाहीये," ते म्हणाले. या वेळी आवाज खाली आला होता.

घोटी गेलं. पुढे प्रत्येक पांढरा कंटेनर मला तोच वाटत होता. एक जवळ आला, नंबर वेगळा. दुसरा आला, तोही वेगळा. इगतपुरी जवळ येत चालली तसा मी समोरून येणाऱ्या गाड्यांकडे बघू लागलो. कुणी दिवे चमकवतंय का, पुढे गर्दी झालीय का.

इगतपुरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभा होता. चाकांखाली मोठाले दगड. पुंजाभाऊ सावलीत बसून तंबाखू मळत होते.

तेच आधी म्हणाले, "साहेब म्हणाले, चल. पण घाट साहेबांना नाय, मला उतरायचा व्हता. मोबाइलची बॅटरी मेली, म्हणून बसलो. म्हटलं, तुम्ही येणारच."

"चूक माझी झाली, भाऊ."

"ते मागून. आधी गळती बघा."

चाकांना ठोकळे लावले. हवा भरून हँडब्रेक सोडला. फुसफुस सुरू झाली, त्याच व्हॉल्वमधून. मग मागच्या चारही चेंबरचे पेडलकडून येणारे पाइप एकेक करून सोडले आणि चेंबरच्या तोंडावर हात धरला. तीन गप्प होते. डावीकडच्या मागच्या चेंबरच्या तोंडातून हवा हातावर आली. तिथे हवा असायचं कारणच नव्हतं. सापडलं.

आतली स्प्रिंग उसळली तर माणूस जातो, म्हणून आधी लांब बोल्टने ती आवळून बांधावी लागते. बोल्ट गंजला होता. पाना दोनदा घसरला. पुंजाभाऊ चाकामागच्या अंधारात दिवा धरून बाजूला उभे राहिले.

नवा चेंबर बसला. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडा नाही. मग हँडब्रेक सोडून दहा मिनिटं, पेडल दाबून पाच मिनिटं काटा बघितला. स्थिर.

मी व्हॅन घेऊन त्यांच्या मागे घाट उतरलो. कुणी सांगितलं नव्हतं. कसाऱ्याला त्यांनी हात बाहेर काढून निरोप दिला, तेव्हा मी रस्त्याकडेला थांबून पाणी प्यायलो.

कंटेनरला ठरलेलं जहाज मिळालं नाही, पुढचं मिळालं. माल चांगला पोचला. देसले साहेब त्यानंतर गाड्या दुसरीकडे पाठवू लागले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मी मात्र तेव्हापासून काटा दोनदा बघतो. एकदा हँडब्रेक ओढून, एकदा सोडून. हँडब्रेक ओढून कुणी गाडी चालवत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला मला सत्तावीस वर्षं लागली.