पोर्टवाले भाऊ

आमच्या मंगरूळपीरच्या कॉलेजात कम्प्युटर सांभाळणारे पोर्टवाले भाऊ कुणालाही नावानं हाक मारत नसत, नंबरानं मारत. मी ग्रंथालयात, म्हणून मी ८०८१. परीक्षा विभागाचे बाबू ८०८२. "८०८२ आज लय तापून राह्यले," असं गंभीर चेहऱ्यानं सांगत ते चहा ओतून घ्यायचे.

कॉलेजला इंटरनेटवर पत्ता एकच आणि आत मशीन तीन. त्यांना विभागांची नावं द्यायचं ठरलं, तेव्हा कुणाचं नाव आधी यावरून मीटिंगा गाजल्या. भाऊंनी नावंच काढून टाकली आणि पुढे दारवान म्हणून प्रॉक्सी बसवली. पत्त्यापुढे ज्या पोर्टचा नंबर टाकाल, त्या मशीनकडे ती नेऊन सोडायची. "पाहुना कोन्या दारातून आला ते पाहाचं अन् त्या खोलीत नेऊन बसवाचं. दुसरं काय आहे यात?" मग पहिला नंबर मलाच का, म्हणून बाबू महिनाभर रुसले.

८०८३ वर विद्यार्थ्यांनी गावोगावच्या बायांची रेकॉर्ड केलेली गाणी होती. त्यात अनसिंग गावच्या, भाऊंच्या आईचं एक भीमगीत होतं. आई पुढं वारली. भाऊ घरून मोबाइलवर ते ऐकत. पेनड्राइव्हवर घ्या की, असं मी म्हटलं तर चिडलेच. "कालेजचा माल घरी न्यायचा नसते, म्याडम!" दुसरी प्रत ठेवायला हार्ड डिस्क मिळावी म्हणून अर्ज मात्र करत राहिले. एकाचंही उत्तर आलं नाही.

प्रॉक्सीची फाईल, म्हणजे कोणत्या नंबराला कोणतं मशीन ते लिहिलेली, शिकून घ्या, म्हणून ते माझ्या मागे लागायचे. मी उद्यावर ढकलत गेले. त्याची मला आजही लाज वाटते.

त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. नव्या कंपनीनं दोन मशीनं उचलून नेली, भाऊंची ती फाईल पुसली, सगळे पासवर्ड बदलले. ८०८३ चं मशीन खोलीत चालू होतं, त्याच्या पंख्याची घरघर फोनवरही ऐकू जायची, पण तिथवर जायला वाट उरली नव्हती. भाऊंनी फोनवरून मला फाईलची एकेक ओळ सांगून पाहिली, प्राचार्यांकडे खेटे घातले, कंपनीला विनवलं. "ते जुनं आहे," एवढंच उत्तर मिळालं.

"मशीन बंद नोका होऊ देऊ," ते मला म्हणाले. "कधीतरी कोनी उघडून देईन."

उन्हाळ्यात डिस्क जळाली. अकोल्याच्या दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. भाऊंना सांगायचा धीर मला होईना. पुढच्या सोमवारी त्यांचा फोन आला, तेव्हा मी मशीनच्याच खोलीत उभी होते.

"चालू आहे न?"

"आहे, भाऊ."



"पंख्याचा आवाज नाही येऊन राह्यला, म्याडम," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.