मालाडच्या वेळेवरचं वादळ

अंटार्क्टिकावर मी कधी गेले नाही. माझं काम दिंडोशीत, घरच्या जेवणाच्या टेबलावर चालतं. तिथे जाऊन आलेल्या आपल्या लोकांच्या नोंदी तपासायच्या, कोणी, कुठे, कधी, कशाने मोजलं ते लिहायचं आणि सगळ्या देशांच्या सामाईक सूचीत चढवायचं. मग जगात कोणालाही त्या वापरता येतात.

गेल्या वर्षी एक जुनी वही आली. एका हिवाळ्यात तिथलं यंत्र बंद पडलं होतं. तेव्हा आपल्या एका हवामान निरीक्षकाने सहा आठवडे, दर तीन तासांनी, हवेचा दाब हाताने लिहून ठेवला होता. मी ती चढवली. आठवड्याने नॉर्वेहून तपासणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: तुमच्या वहीतली वादळं, म्हणजे दाबाच्या घसरणी, शेजारच्या दुसऱ्या देशाच्या हवामान ठाण्यापेक्षा पाच-सहा तास उशिरा येतात. खुलासा नसेल तर वही बाद.

मला अंदाज आला होता. पण अंदाजावर नोंद बदलत नाहीत. निरीक्षक काका निवृत्त होऊन मालाडला राहतात, तिथे गेले.

"काका, वहीतली वेळ कुठली? नियमाने ग्रिनिचची हवी."

काकांच्या आधी काकूच आतून ओरडल्या, "माझी! दोन महिने सूर्य उगवेना, तर हे माझ्या घड्याळावर जगले. आता ही डाळ टाकत असेल, आता पाणी भरत असेल..."

"वहीत इथली वेळ लिहायला नको होती," काका म्हणाले. "सवयीने लिहिली. बाद होणार का गं?"

"बघते."

तिथेच लॅपटॉप उघडला. प्रत्येक वेळेतून साडेपाच तास वजा केले आणि शेजारच्या ठाण्याचा आलेख त्यावर ठेवला. दोन रेषा एकमेकींवर बसल्या. सहा आठवड्यांतलं प्रत्येक वादळ, दाब उतरताना आणि चढताना, जागच्या जागी. एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसं काळोखात एकाच आभाळाखाली उभी राहून तोच आकडा लिहीत होती, आणि ते आज मालाडच्या बैठकीत दिसत होतं. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एकही आकडा चुकलेला नाही, काका."

"अगं, चुकेल कसं? बोटं गोठायची, पण दोनदा बघायचो."

सूचीत शेरा लिहिला: मूळ नोंदी भारतीय वेळेनुसार, निरीक्षकाला विचारून खात्री केली. दुसऱ्या दिवशी नॉर्वेहून मंजुरी आली. ती काकूंना फोनवर वाचून दाखवली.

"म्हणजे माझं घड्याळ बरोबर होतं ना?" एवढंच त्यांनी विचारलं.