कलावतीबाईंचा एक चहा

चौऱ्यांशी साली अख्ख्या वैशाली नगरात कुजबुज होती की शालिकराम वाघाडे बायकोला सिविक सेंटरच्या बाजारातल्या एका हॉटेलात गहाण ठेवून सायकलवर पळाला. पोलाद प्लांटच्या स्टोअरमध्ये लोक त्याला विचारायचे, "भाऊ, व्याज किती लावलं जी?" अफवा कुणी उठवली ते विचारू नका. थोडीशी माझ्या ओट्यावरूनही गेली होती.

शालिकराम मूळचा भंडाऱ्याचा, या हिंदी मुलखात प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क. वीस वर्षं तो दुपारी कँटीनमध्ये जेवला. तिथे एक कूपन दिलं की भात हवा तितका, डाळ हवी तितकी. त्यामुळे जगात सगळीकडे असंच चालतं, अशी त्याची समजूत झालेली.

त्याच्या घरी दर रविवारी गावाकडचं कोणी ना कोणी यायचं. कुणाला प्लांटात चिकटायचं असे, कुणाला नुसतंच जेवायचं असे. वीस वर्षं कलावतीबाई स्टोव्हपुढे. एकदा त्या म्हणाल्या, "मले सोनं नको, लुगडं नको. एकदा मी खुर्चीवर बसून राहीन आन दुसरं कोणी मले चाय आणून देईन. बस."

शालिकरामनं ते मनावर घेतलं. नेमकं त्याच महिन्यात त्या हॉटेलनं फलक लावला: 'रविवार सुबह दस बजे, नाश्ता और जादू, शो के बाद चाय, बारह रुपये.' हॉटेलचं नाव घेत नाही, मालकाचा जावई अजून माझ्याशी बोलतो. शालिकरामनं दोन कूपनं आणली.

"सारं याच्यातच हाय," तो बायकोला म्हणाला. "पोटभर खाय."

दोघं पोचले. वेटरनं विचारलं, "पंखे के नीचे बैठेंगे?" शालिकराम म्हणाला, "हौ." वेटरनं विचारलं, "और पूड़ी?" शालिकराम म्हणाला, "लाओ ना भई." मग भंडाऱ्याकडच्या पाहुणचाराची सवय उफाळली आणि तो बायकोलाच आग्रह करू लागला.

"घे वो आणखी दोन. लाजून कावून राहिली? घरचंच समज."

"घरचं असतं तर मीच तळून राहिली असती," कलावतीबाई म्हणाल्या आणि घेतल्या.

जादूगार कोटातून कबूतर काढणार होता. कबूतर निघेना. त्यानं दोनदा कोट झटकला, मग आत डोकावून सांगितलं की ते झोपलं आहे. मग त्यानं मंचावर एक सज्जन बोलावला. शालिकराम सर्वांत आधी उठला. त्याचं घड्याळ रुमालात गुंडाळून गायब झालं. ते जादूगाराच्या डाव्या मुठीत आहे हे मागच्या रांगेलाही दिसत होतं. टाळ्या शालिकरामनंच वाजवल्या.

शो संपला आणि चहाच्या आधी बिल आलं. पंख्याखालच्या दोन खुर्च्या, चार रुपये. जास्तीच्या पुऱ्या, नऊ. लोणचं, दोन. मंचावर सहभाग, पाच. एकूण वीस. शालिकरामच्या खिशात सात रुपये.

"कूपन दिया ना आपको!" तो काउंटरवर म्हणाला.

"वो तो अंदर आने का है, भाई साहब," मालक म्हणाला. "नाश्ता एक प्लेट, शो, और एक-एक चाय."

शालिकरामचे कान लाल झाले. तो टेबलाशी आला. "चल, ऊठ. घरून पैसे आणतो."

"चाय आली नाही," कलावतीबाई म्हणाल्या.

"अवो, लोक पाहून राहिले!"

"पाहू द्या. तुमी जा. मी बसून हाय."

तो सायकल घेऊन सुटला. नेमका त्याच वेळी आमच्या गल्लीतला चंपत बाहेरून चालला होता. त्यानं घाबरागुबरा शालिकराम पाहिला आणि काचेतून काउंटरशेजारी एकट्या बसलेल्या कलावतीबाई पाहिल्या. चंपतकडे स्कूटर होती. त्यामुळे बातमी वैशाली नगरात शालिकरामच्या आधी पोचली. शालिकराम माझ्या दारात तेरा रुपये मागायला आला तेव्हा माझी बायको विचारत होती, "सोडवाले इतकेच लागतात का जी?"

तो परतला तेव्हा बारा वाजून गेले होते. पंखा बंद होता. कलावतीबाई त्याच खुर्चीवर होत्या, पाठ टेकवून. समोर दोन रिकामे कप. दुसरा शालिकरामच्या वाट्याचा.

"कसा होता?" त्यानं विचारलं.

"थंडा होता," त्या म्हणाल्या. "पण मालकानं सोता आणून देला."

पुढे कितीही थट्टा झाली तरी शालिकरामनं खुलासा केला नाही. मीच एकदा त्या मालकाला विचारलं. बाईंना कोणी अडवलं नव्हतं. पैसे उद्या द्या, दोघंही जा, असं तो शालिकरामला सायकलपर्यंत येऊन म्हणाला होता, पण लाजेनं शालिकराम थांबला नाही. कलावतीबाई चहासाठी थांबल्या होत्या.