चांगदेव ड्रायव्हरचा समुद्र

घोडेगावच्या चांगदेव ड्रायव्हरनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता, आणि ही गोष्ट बायकोला कळू नये एवढाच त्याच्या जिवाला घोर होता. बावीस वर्षं त्यानं अलिबागची एसटी चालवली. स्टँडपासून समुद्र वीस मिनिटांच्या चालीवर. पण पहाटे निघून भर दुपारी पोचायचं, डबा खायचा, मागच्या सीटवर ताणून द्यायची आणि दोन तासांनी पुन्हा गाडी हाणायची. समुद्रावर जायचा तो कंडक्टर भरत. त्याचं ऐकून चांगदेव घरी सांगायचा, एवढाल्या लाटा, पाण्यात किल्ला, होड्या! बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. साळुबाई दर खेपेला समुद्राचं विचारायची आणि भाकरी थापता थापता ऐकायची.

तो निवृत्त झाला तशी तिनं टुमणं लावलं, "आता मला दावा की." कधी ऊन, कधी तिचे गुडघे, असं करत त्यानं दोन वर्षं काढली. शेवटी त्याच एसटीनं निघावं लागलं. प्रवासी होऊन बसल्यावर त्याची पाठ जास्तच दुखली. दर वळणाला पाय ब्रेक शोधत होता.

अलिबागला उतरल्यावर त्यानं मोठ्या ऐटीत पाण्याचा नळ दाखवला, कॅन्टीन दाखवलं, गाडी लावायची सावलीची जागा दाखवली. पुढं दाखवायला काही उरलं नाही.

"आन समुद्र?"

चांगदेवानं चारी बाजूंना पाहिलं. मग नारळवाल्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "भाऊ, समुद्र कुणीकडं?" साळुबाई पाठीशीच उभी होती.

नारळवाल्यानं हात केला तिकडं दोघं चालत गेली. किनाऱ्यावर ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, माणसं किल्ल्याकडे चक्क पायी निघालेली. चांगदेव वाळूत मटकन बसला. लाज वाटत होतीच, पण त्याहून थकवा जास्त होता, सगळ्या बावीस वर्षांचा.

"खोटं बोललो मी."

"ठावं व्हतं मला. तुमच्या पँटी मीच धुवायची. इतक्या वर्सांत वाळूचा एक कण घावला न्हाई."

"मग दर खेपंला इचारायचीस कशाला?"

ती गुडघे धरत शेजारी टेकली. "घरी आलं की तुमी जेवायचा आन झोपायचा. समुद्राचं इचारलं की तेवढंच माज्यासंगं बोलायचा."

चांगदेव लांबच्या पाण्याकडे बघत राहिला. आज समुद्र समोर होता, बायको शेजारी होती, आणि त्याला एक शब्द सुचेना.