चहातली पावडर
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी फडताळ पुसताना काडेचिराइताचा कडू वास आला आणि दौंडहून आणलेली ती पावडर आठवली. धाकटा दीर कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला होता. गावात बभ्रा नको म्हणून दवाखाना टाळून मी महिनाभर त्याच्या चहात व्यसन सोडवायची पावडर गुपचूप घालत होते. एका संध्याकाळी कप रिकामा करून तो म्हणाला, "वहिनी, पहिल्या दिवशीच कळलं मला. एवढा कडू चहा कुणी करतं व्हय?" "मग पितोस कशाला?" "तुम्ही आशेनं देता म्हणून. पण गोळ्या सुटंनात. मला दवाखान्यात न्या." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन मी एसटी स्टँडवर गेले. कुठं निघालात, असं शेजारणीनं विचारलं. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्याची नशा सोडवायला, पुण्याच्या दवाखान्यात."